रास्पबेरी पाय चालू होत नाही? कार्ड पुसण्याआधी हे बघा

रास्पबेरी पाय म्हणजे छोटासा, एकाच बोर्डाचा संगणक. खाली नुसतं 'पाय' म्हटलंय ते यालाच, आणि 'कार्ड' म्हणजे ज्यावरून तो चालू होतो ते एसडी कार्ड. आधी लक्षणं. तुमचा पाय यांतला कुठला, ते नीट बघून ठेवा.

- एकही दिवा पेटत नाही.
- लाल दिवा आहे, पण हिरवा एकदाही लुकलुकत नाही. पडदा काळा.
- हिरवा दिवा मोजून काही वेळा लुकलुकतो, थांबतो, मग पुन्हा तेवढ्याच वेळा लुकलुकतो.
- पडद्यावर इंद्रधनुष्यासारखा रंगीत चौकोन येतो आणि तिथेच अडकतो.
- पांढरी अक्षरं भराभर धावतात आणि 'कर्नल पॅनिक' किंवा 'इमर्जन्सी मोड' म्हणून थांबतात.
- कधी चालू होतो, कधी नाही. वीज जाऊन आली की मात्र हमखास नाही.

शेवटचं लक्षण आमच्या गोव्याचं खास. मी फोंड्यात राहतो. कुळागरातल्या (सुपारी-नारळाच्या बागेतल्या) पंपाचा टायमर, देवळातला आरती वाजवणारा डबा, शाळेची लॅब, दुकानातला कॅमेरा अशा ठिकाणी बसवलेले पाय माझ्याकडे येतात. मिरग (मृग) लागला की पहिल्या पंधरा दिवसांतच तीन-चार फोन येतात आणि प्रत्येकाचं वाक्य एकच असतं: "कार्ड गेलं वाटतं, नवीन टाकून दे."

कार्ड गेलेलं असतं, हे बऱ्याच वेळा खरंही असतं. पण ते कशामुळे गेलं, ते शोधल्याशिवाय नवीन टाकलं तर चवथीपर्यंत (गणेश चतुर्थीपर्यंत) तेही जातं. माझ्याच हातून असं तीनदा झालं, तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. म्हणून खालचा क्रम पाळा. सुरुवातीच्या गोष्टींना पैसे लागत नाहीत. फाइलींची आणि आज्ञांची नावं मी उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत, कार्डावर ती रोमन लिपीतच दिसतील.

खरंच चालू होत नाही का?

हे विचारायला थोडं लाजिरवाणं वाटतं, पण माझ्याकडे आलेल्या पायांपैकी बरेच व्यवस्थित चालू असतात. राउटर बंद होऊन चालू झाला की पायचा आयपी पत्ता (नेटवर्कवरचा त्याचा क्रमांक) बदलतो आणि जुन्या पत्त्यावर कोणी उत्तर देत नाही. राउटरच्या पानावर जाऊन जोडलेल्या उपकरणांची यादी बघा. नव्याने लिहिलेल्या कार्डाची आणखी एक गंमत आहे. एप्रिल २०२२ पासून 'पाय' हा तयार वापरकर्ता नसतो, आणि एसएसएच (दुसऱ्या संगणकावरून आत शिरायची सोय) तर त्याआधीपासूनच बंद असतं. इमेजरमध्ये (कार्ड लिहायच्या अधिकृत प्रोग्राममध्ये) कार्ड लिहितानाच नाव, पासवर्ड आणि वायफाय भरलं नसेल तर पाय आत मजेत चालू असतो, फक्त तुम्हाला दार उघडत नाही. वायफायची फाइल कार्डावर टाकण्याची जुनी युक्तीही पायच्या प्रणालीच्या 'बुकवर्म' आवृत्तीपासून चालत नाही.

पाय ४ ला दोन एचडीएमआय आहेत. पडदा लावायचा तो वीजेच्या सॉकेटजवळच्या भोकाला. आणि टीव्ही आधी चालू करा, पाय नंतर. पडदा चालू नसताना पाय सुरू झाला तर बऱ्याचदा चित्रच पाठवत नाही आणि आपण उगाच कार्डाला दोष देत बसतो.

सगळं काढा

कीबोर्ड, पेन ड्राइव्ह, हार्ड डिस्क, रिले बोर्ड (पंप-दिवे चालू-बंद करणारा), वर बसवलेलं हॅट (पायवर बसणारा जोडबोर्ड), सगळं काढून ठेवा. वीज आणि कार्ड एवढंच राहू दे. कारण साधं आहे: पाय ४ चे चारही यूएसबी मिळून जास्तीत जास्त १.२ अँपिअर देतात. एक तहानलेली हार्ड डिस्क ते सगळं पिऊन टाकते. रिलेच्या तारा सैल झाल्या असतील तर त्यातून शॉर्टही होतो. सगळं काढल्यावर चालू झाला, तर एकेक वस्तू परत लावत जा. जी लावल्यावर अडेल, ती दोषी.

स्वतःची वीज असलेला स्वस्त यूएसबी हब असेल तर त्यावर खास नजर ठेवा. काही हब उलटी वीज पायमध्ये ढकलतात. पायचा अडॅप्टर काढला तरी लाल दिवा मंद पेटलेला दिसला, तर समजा की हब पायला अर्धवट जागं ठेवतोय. अशा अवस्थेत तो नीट बंद होत नाही, मग चालू तरी नीट कसा होणार?

वीज: इथेच थांबून वेळ द्या

मागच्या जुलैतली गोष्ट. सावईवेऱ्याला एका बागायतदार काकांच्या कुळागरात गेलो होतो. पंपघर म्हणजे चिऱ्याच्या चार भिंती, वर पत्रा, आत शेवाळाचा वास. भिंतीवर प्लॅस्टिकच्या डब्यात पाय ३. काका म्हणाले, "बाबा, चौथं कार्ड हे. आता काही मी पैसे घालायचा नाही." लाल दिवा पेटलेला होता. मी काही हात लावला नाही, नुसता बघत बसलो. पाच मिनिटांनी शेजारच्या बागेतला पंप चालू झाला. आमच्या बल्बचा उजेड क्षणभर बसला आणि त्याच क्षणी पायचा लाल दिवा विझून परत पेटला.

त्या एका मिचकावण्यात सगळं निदान होतं. पाय ३ आणि पाय ४ वर लाल दिवा नुसता 'वीज आहे' सांगत नाही. व्होल्टेज ४.६३ च्या खाली उतरलं की तो विझतो. म्हणजे मिचकावणारा लाल दिवा म्हणजे उपाशी पाय. पडदा लावलेला असेल तर कोपऱ्यात पिवळ्या विजेचं चिन्ह दिसतं. पाय झीरोला लाल दिवाच नसतो, तिथे हा आधार मिळत नाही.

आता 'माझा चार्जर तर चांगल्या कंपनीचा आहे' हा मुद्दा. चार्जर चांगला असेल, पण केबलचं काय? हिशोब बघा. अधिकृत अडॅप्टर ५.१ व्होल्ट देतो. बारीक तारेच्या केबलचा जाऊन-येऊन रोध ०.२ ओहम धरा. पाय ३ ने २.५ अँपिअर ओढले की केबलमध्येच अर्धा व्होल्ट खर्च होतो. पायला मिळतात ४.६. झाला ना ४.६३ च्या खाली? फोनला याचं काही वाटत नाही, त्याला आत बॅटरी आहे, तो हळू चार्ज होतो एवढंच. पायकडे बॅटरी नाही.

म्हणून केबल आखूड आणि जाड हवी. शक्य असेल तर केबल जोडूनच येणारा अडॅप्टर घ्या. पाय ३ ला २.५ अँपिअर, पाय ४ ला ३, पाय ५ ला ५ अँपिअरचा. दुसरा अडॅप्टर आणि दुसरी केबल लावून बघणं ही सगळ्यात स्वस्त तपासणी आहे, शेजाऱ्याकडून उसनं आणा.

मल्टिमीटर असेल तर चालू पायवर मोजा. पिनांच्या बाहेरच्या रांगेतली दुसरी आणि तिसरी, म्हणजे ४ आणि ६ क्रमांकाची पिन. ४.८ च्या वर असेल तर ठीक. टोक सरकू देऊ नका. आतल्या रांगेतल्या पिनांना ५ व्होल्ट लागले तर बोर्ड तिथेच संपू शकतो. हात थरथरत असेल तर हे मोजमाप सोडून द्या, त्यावाचून काही अडत नाही.

कधीमधी का होईना चालू होत असेल, तर टर्मिनलमध्ये (आज्ञा टाइप करायच्या खिडकीत) 'व्हीसीजेनकमांड गेट-थ्रॉटल्ड' ही आज्ञा द्या. उत्तर '०एक्स०' आलं तर वीज ठीक. '०एक्स५००००' आलं तर सुरू झाल्यापासून कधीतरी व्होल्टेज पडलं होतं. शेवटीही ५ दिसला, '०एक्स५०००५', तर आत्ता या क्षणालाही कमी आहे.

काकांच्या अडॅप्टरच्या तोंडाला हिरवट बुरशीसारखा थर होता, तांब्याचा गंज. फोंडा तालुक्यात ही गत, तर मोरजी-हरमलच्या खाऱ्या वाऱ्यात काय होत असेल? तिथले पाय मी उघडतो तेव्हा सॉकेटमध्ये मिठाचे कण सापडतात. असं तोंड घासून वापरण्यात अर्थ नाही, केबल बदला.

कार्ड का मरतं, आणि मेलंय का ते कसं कळतं

लोकांना वाटतं, वीज गेली त्या वेळी जी फाइल लिहिली जात होती तेवढीच बिघडेल. तसं होत नाही. एसडी कार्ड आतून मोठ्या ठोकळ्यांत लिहितं. चार किलोबाइट बदलायचे असले तरी त्याला कधीकधी अख्खा ठोकळा उचलून दुसरीकडे मांडावा लागतो. नेमकी तेव्हाच वीज गेली तर त्या ठोकळ्यात असलेल्या, महिनोन्महिने कोणी हात न लावलेल्या फाइलीही जातात. म्हणूनच 'मी काही केलंच नाही, तरी बंद पडलं' हे गिऱ्हाइकाचं म्हणणं खरं असतं.

तपासणी सोपी आहे. घरात एक चालतं कार्ड कायम तयार ठेवा. त्याच बोर्डासाठी लिहिलेलं हवं. जुन्या प्रणालीचं कार्ड नव्या बोर्डावर चालत नाही, पाय ५ ला तर बुकवर्म किंवा त्यापुढचीच आवृत्ती लागते. हे कार्ड घालून पाय चालू झाला, तर बोर्ड शाबूत आणि दोष जुन्या कार्डात. नाही झाला, तर कार्डाच्या मागे लागू नका. दोन मिनिटांच्या या एका पायरीने निम्मी शोधाशोध वाचते.

जुनं कार्ड काढल्यावर सोनेरी पट्ट्या बघा. काळपट असतील तर कोरड्या सुती कापडाने, जमल्यास आयसोप्रोपिल अल्कोहोलचा थेंब घेऊन पुसा. पावसाळ्यात एवढ्यानेच चालू झालेले पाय मी पाहिलेत. फुंकर मारू नका, थुंकीचा ओलावा आत जातो.

दिव्याची भाषा

हिरवा दिवा मोजा. पाय काय बोलतोय ते त्यातच असतं. चार छोट्या लुकलुकी म्हणजे 'स्टार्ट डॉट ईएलएफ' ही सुरुवातीची फाइल सापडली नाही. सात म्हणजे कर्नलची, म्हणजे लिनक्स या पायच्या प्रणालीच्या गाभ्याची, फाइल सापडली नाही. हे दोन्ही कार्डाचे दोष, कार्ड परत लिहून सुटतात. आठ म्हणजे बोर्डावरच्या मेमरीचा दोष, तिथे कार्ड दहा वेळा लिहिलं तरी काही होणार नाही. चार लांब आणि मग सहा किंवा सात छोट्या आल्या तर वीजपुरवठ्यातला बिघाड.

इंद्रधनुष्य दिसलं म्हणजे अर्धी वाट पार झाली. पायमध्ये आधी चित्र काढणारा भाग जागा होतो, तोच कार्डावरची पहिली फाइल वाचतो आणि मग लिनक्सला उठवतो. रंग दिसले म्हणजे पहिला जागा झाला, दुसरा उठला नाही. कर्नलची फाइल बिघडलेली, किंवा कार्ड दुसऱ्याच मॉडेलचं, नाहीतर पुन्हा तीच वीज.

कार्ड संगणकात घालताना

इथे एक सापळा आहे आणि त्यात मी एका शाळेचं वर्षभराचं काम गेलेलं पाहिलंय. कार्ड विंडोजमध्ये घातलं की 'ही डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करावी लागेल' असा प्रश्न येतो. नाही म्हणा. कार्डावर दोन भाग असतात. पहिला छोटा, विंडोजला वाचता येतो. दुसरा लिनक्सचा, तो विंडोजला कळत नाही म्हणून ते फॉरमॅटची भाषा करतं. तुमचा सगळा डेटा त्या दुसऱ्या भागात आहे.

पहिल्या भागात 'सीएमडीलाइन डॉट टीएक्सटी' उघडा. तिच्यात एकच ओळ असायला हवी. कोणीतरी काहीतरी जोडताना एंटर मारलेला असतो आणि तेवढ्याने पाय सुरू होत नाही. 'कॉन्फिग डॉट टीएक्सटी'मध्ये अलीकडे काही वाढवलं असेल तर त्या ओळीच्या सुरुवातीला # घाला. वेग वाढवायच्या ओळी आधी बंद करा.

पडद्यावर कर्नल पॅनिकसोबत 'अननोन ब्लॉक १७९,२' असं दिसलं, तर कर्नल उठलंय पण कार्डाचा दुसरा भाग जोडता येत नाही. १७९ हा कार्डाचा क्रमांक, २ म्हणजे दुसरा भाग. एका कार्डावरून दुसऱ्यावर फाइली नुसत्या कॉपी केल्या असतील तर नव्या कार्डाचा पार्ट-यूयूआयडी (भागाचा ओळखक्रमांक) वेगळा पडतो आणि सीएमडीलाइनमध्ये जुनाच राहतो, तो जुळवा. कार्डाला हात लावलेलाच नसेल तर तो भाग मोडलाय.

मोडलेला भाग दुरुस्त करायला लिनक्सचा संगणक हवा. आधी 'डीडीरेस्क्यू'ने कार्डाची अख्खी प्रत काढा. ही पायरी सगळेच टाळतात आणि मग हळहळतात. दुरुस्ती म्हणजे कार्डावर लिहिणं, आणि मरणाऱ्या कार्डावर लिहिताना उरलंसुरलंही जाऊ शकतं. प्रत हातात आल्यावर 'एलएसबीएलके' आज्ञेने कार्डाचं नाव नक्की करा, दुसरा भाग अनमाउंट करा (लिनक्सपासून सोडवा) आणि त्यावर 'ई२एफएससीके' ही दुरुस्तीची आज्ञा चालवा. डिस्कचं नाव चुकलं तर स्वतःच्या लॅपटॉपलाच दुखापत कराल, म्हणून दोनदा वाचा.

एक प्रकार मला अजूनही गमतीचा वाटतो. काही कार्डं आयुष्य संपलं की गुपचूप लिहिणं बंद करतात. दुरुस्ती यशस्वी झाली म्हणून सांगतात, आणि काढून परत घातलं की सगळं जैसे थे. ओळखायला एखादी बिनकामाची फाइल पुसा, कार्ड काढा, परत घाला. फाइल भुतासारखी परत आली, तर त्या कार्डाला नमस्कार करा. वाचता येतंय तोवर डेटा काढून घ्या.

नवीन घेतलेलं कार्डही तपासा. बाजारात ६४ जीबीचा शिक्का मारलेली, आतून ८ जीबीची कार्डं मिळतात. 'एफ३' किंवा विंडोजवर 'एच२टेस्टडब्ल्यू' अख्खं कार्ड भरून परत वाचून बघतं. वेळ लागतो, रात्री लावून झोपा.

इमर्जन्सी मोड

हा बहुतेकदा बिघाड नसतो, हट्ट असतो. एफएसटॅबमध्ये (कुठल्या डिस्क जोडायच्या त्या यादीच्या फाइलीत) बाहेरच्या हार्ड डिस्कची ओळ असते, डिस्क लावलेली नसते, आणि लिनक्स तिची वाट बघत दीड मिनिट थांबून मग हात वर करतं. वर 'रूट खातं (मुख्य खातं) कुलूपबंद आहे' म्हणून आतही घेत नाही. कार्ड लिनक्सच्या संगणकात घालून त्या ओळीच्या पर्यायांत 'नोफेल' हा शब्द घाला. झालं.

उरलेले दोन उपाय

पाय ४ आणि ५ मध्ये सुरुवातीचा प्रोग्राम कार्डावर नसून बोर्डावरच्या छोट्या चिपमध्ये असतो. चालतं कार्ड घालूनही बोर्ड गप्प असेल तर इमेजरमधल्या 'मिस्क युटिलिटी'त बूटलोडरचं (या सुरुवातीच्या प्रोग्रामचं) कार्ड बनवून घाला. हिरवा दिवा न थांबता भराभर लुकलुकू लागला आणि पडदा हिरवा झाला की चिप परत लिहिली गेली. पाय ३ आणि त्याआधीच्यांना हे लागू नाही.

एवढं करूनही कळत नसेल तर सीरियल केबल, म्हणजे पायचे संदेश दुसऱ्या संगणकावर दाखवणारी तार. पाय ४ पर्यंतच्या बोर्डांवर पहिल्या भागातल्या कॉन्फिगमध्ये 'इनेबल-यूआर्ट=१' लिहा, केबलचं जमिनीचं (ग्राउंडचं) टोक पिन ६ ला, पायची ८ नंबरची पिन केबलच्या आरएक्सला (घेणाऱ्या तारेला), १० नंबरची टीएक्सला (पाठवणाऱ्या तारेला), वेग ११५२००. केबल ३.३ व्होल्टचीच हवी आणि तिची लाल तार मोकळीच ठेवा. मग पाय सुरू होताना काय पुटपुटतो ते ओळीओळीने दिसतं, आणि शेवटची ओळ बहुधा दोष सांगून जाते.

इथे थांबा

वीज लावताच काही सेकंदांत एखादी चिप बोट ठेववणार नाही इतकी तापत असेल, जळका वास येत असेल, किंवा चांगल्या अडॅप्टरवरही एक दिवा पेटत नसेल, तर पुढे प्रयोग नकोत. बहुधा बोर्डावरच शॉर्ट आहे. चिप बदलणारे कारागीर असतात, पण आधी खर्च विचारा, बऱ्याचदा नवीन बोर्ड परवडतो. जवळ वीज पडल्यानंतर बंद पडलेला पाय तर मी उघडतही नाही.

कार्ड दोन वेगवेगळ्या रीडरमध्ये दिसतच नसेल आणि आत न भरून येणारं काही असेल, तर ते पुन्हा पुन्हा घालून बघू नका. डेटा काढून देणाऱ्यांकडे तसंच न्या.

आणि पंपघरातलं वायरिंग, अर्थिंग, स्टार्टर याला मी हात लावत नाही, तुम्हीही लावू नका. ओल्या जमिनीवर उभं राहून २३० व्होल्टशी खेळायचं काम नाही. परवानाधारक वायरमनला बोलवा. सावईवेऱ्यालाही तेच केलं. त्याने अर्थिंग नवीन घातलं, पायसाठी वेगळी लाइन ओढली. मी अडॅप्टर आणि केबल बदलली, लहान यूपीएस लावला, आणि 'रास्पी-कॉन्फिग' या सेटिंगच्या प्रोग्राममधलं 'ओव्हरले फाइल सिस्टिम' चालू केलं. त्याने पाय कार्डावर लिहीतच नाही, सगळं मेमरीत ठेवतो. बंद केला की त्या दिवसाच्या नोंदी जातात, पण टायमरला नोंदी कुठे लागतात? टायमरच्या वेळा बदलायच्या असतील तर तेवढ्यापुरतं ते बंद करून परत चालू करावं लागतं, हे काकांना दोनदा सांगितलंय.

डब्यात सिलिका जेलच्या दोन पुड्या आहेत आणि झाकणाला आतून चिकटवलेल्या छोट्या पिशवीत तयार करून ठेवलेलं पाचवं कार्ड. त्यावर मार्करने तारीख घातली आहे. अजून ते बाहेर काढावं लागलेलं नाही.